नेपाळात तानसेनला तरुण संघासोबत आठवडाभर जायचंय : काय करावं, काय टाळावं? मदत हवी आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मिरजेचा. आमच्या चर्चच्या तरुण संघातली दहा-बारा पोरंपोरी दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर नेपाळला निघालीयेत. गाव तानसेन, पाल्पा जिल्ह्यातलं. आमच्या इथे नर्सिंग शिकून गेलेल्या एका मुलीचे वडील तिथे जवळच एका लहानशा मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक (धर्मगुरू) आहेत. त्यांनी फोनवर 'जरूर या' म्हटलं. काय करायला यायचं, हे मात्र आमच्यापैकी कुणी त्यांना विचारलेलं नाही, आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत बेत असा शिजलाय : बाजारात गाणी आणि पथनाट्य, हिंदी पत्रकांचं वाटप, एखाद्या शाळेत मुलांना गोष्टी आणि खेळ, आणि आमच्यातल्या दोघी नर्स आहेत म्हणून बीपी-शुगर तपासणीचं शिबिर. सगळ्यांना छातीवर क्रूस छापलेले एकसारखे टी-शर्ट. कुठल्याही कमिटीत सगळ्यात आधी टी-शर्टच का ठरतात देव जाणे.

नेपाळात धर्मांतराविरुद्ध कायदा आहे एवढं ऐकून आहे. कमिटीत विषय काढला तर 'आपण कुणावर जबरदस्ती थोडीच करतोय' म्हणून उडवून लावला.

दुसरी गोष्ट जरा मनातली. मिरजेत वाढलेल्याला मिशन म्हटलं की वानलेस हॉस्पिटल दिसतं. डॉ. वानलेस या देशात आले ते जवळपास चाळीस वर्षं राहिले. तानसेनलाही 1954 पासूनचं मिशनचं हॉस्पिटल आहे. ते उभं करणारी माणसंसुद्धा भाषा शिकली, गावात राहिली. आम्ही आठवडाभरात तिथे नेमकं काय करणार? टोमणा नाही, खरंच विचारतोय. जाऊन आलेल्यांनी सांगा. प्रवासाबद्दलही सांगा, गोरखपूरच्या पुढचं मला काहीच माहीत नाही.

तराईवाला

कामानिमित्त नेपाळातल्या बुटवलला बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

'जबरदस्ती नाही' हा बचाव तिथे चालत नाही. 2015 च्या संविधानाच्या कलम 26 नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करणं हाच गुन्हा आहे. ऑगस्ट 2018 पासून लागू असलेल्या अपराध संहितेच्या कलम 158 मध्ये तर धर्मांतराला प्रोत्साहन देणंही येतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून आपण परके नाही असं वाटतं खरं, पण कायद्याच्या लेखी आपण विदेशीच.

शाळेचा कार्यक्रम तर डोक्यातून काढूनच टाका. 2015 च्या भूकंपानंतर दोलखा जिल्ह्यात शाळेतल्या मुलांना मानसिक आधार द्यायच्या कार्यक्रमात येशूवरचं चित्रकथेचं पुस्तक वाटलं गेलं. एवढ्यावरून 2016 मध्ये आठ जणांवर खटला भरला. पुढे ते निर्दोष सुटले, पण सुटेपर्यंत कोठडी, जामीन, तारखा हे सगळं झालंच. आणि तेव्हा तर ही नवी संहिता लागूही नव्हती.

तुम्ही सोनौलीची सीमा ओलांडून परत याल. पोलीस चौकीत हेलपाटे घालेल तो पाळक. पत्रकं कुणी वाटली हे गावात कुणी विचारणार नाही, कुणाकडे उतरले होते ते विचारतील.

मंडळीच्या आत, त्यांच्या बोलावण्यावरून उपासनेत बसणं, गाणं, साक्ष देणं (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं) यात अडचण नाही. 2021 च्या जनगणनेप्रमाणे नेपाळात पाच लाखांवर ख्रिस्ती आहेत, लोकसंख्येच्या पावणेदोन टक्के, आणि ते उघडपणे उपासना करतात. फक्त रविवारचा हिशोब सोडा. तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारी, त्यामुळे मुख्य उपासनाही शनिवारीच. चपला बाहेर, बसायचं जमिनीवर, बऱ्याच ठिकाणी बाया एका बाजूला आणि बाप्ये दुसऱ्या. भेटल्यावर 'जयमसीह'. पेटी नेता आली तर जरूर न्या, मादल (ढोलकीसारखं वाद्य) त्यांच्याकडे असतंच.

खडूस_काका

मुळात जायचंच कशाला? त्यांचा देश, त्यांचा धर्म. आठवडाभराची सहल काढायची, वर त्याला सेवेचं नाव द्यायचं.

कृष्णाकाठ

काका, सहलीचा मुद्दा मान्य. म्हणूनच धागा काढला. पण त्या मंडळीतली पन्नासेक माणसंही त्याच देशाची आहेत आणि बोलावणं त्यांच्याकडून आलंय. त्यांना भेटायला जाण्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही.

वॉर्डातली_ताई

शिबिराबद्दल बोलते, कारण मी स्वतः नर्स आहे आणि अशी शिबिरं पुष्कळ पाहिलीत. भारतातली नोंदणी नेपाळात चालत नाही. परदेशी डॉक्टर-नर्सना तिथल्या कौन्सिलची परवानगी घ्यावी लागते. कुणी म्हणेल बीपी मोजायला कसली परवानगी. मग मला सांगा, एखाद्या आजीची शुगर साडेतीनशे निघाली तर तुम्ही काय करणार? चिठ्ठीवर आकडा लिहून देणार आणि शुक्रवारी गाडीत बसणार? त्या गावात मोठं हॉस्पिटल आहे, तिथले लोक वर्षभर तेच काम करतात. पोरींना फार हौस असेल तर आधी त्या हॉस्पिटलला विचारा आणि ते सांगतील तेवढंच करा. नाही म्हणाले तर नाही.

आणि फुकट तपासणी करून शेवटी प्रार्थना, हा जो आपल्याकडचा शिरस्ता आहे, तो तिथे आमिष म्हणून मोजला जाऊ शकतो. संभाळून.

घाटरस्ता

प्रवासाचं मी सांगतो. गोरखपूरला उतरून सोनौलीची बस धरा, तीनेक तास. सीमा चालतच ओलांडायची, पलीकडे भैरहवा, मग बुटवल. बुटवल ते तानसेन हा घाट आहे. सुरुवातीलाच सिद्धबाबाचा टप्पा लागतो, तिथे दरडी कोसळतात म्हणून बोगद्याचं काम काढलंय. पावसाळ्यानंतरही तिथे रात्रीचा प्रवास टाळा. मुक्काम बुटवलला करून सकाळी निघालात तर चढावर पोरांना उलट्या झाल्या तरी निदान उजेडात होतील.

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार कार्ड. आधार फक्त पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्यांना चालतं. सोनौलीला कुणी विचारत नाही असं शंभर जण सांगतील, ऐकू नका. पैशाचं म्हणाल तर शंभराच्या नोटा जास्त ठेवा, मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशेसाठ, हा दर मात्र वर्षानुवर्षं तोच आहे.

एका दुपारी तानसेनची श्रीनगर डांडा ही टेकडी चढा. हवा मोकळी असेल तर धवलगिरी दिसतो.

तराईवाला

एक राहिलंच. दिवाळीच्या सुट्टीत जाताय म्हणजे ऐन तिहारमध्ये, त्यांच्या दिवाळीत, जाताय. बाजार अर्धा बंद आणि संध्याकाळी घरोघरी देउसी-भैलो गाणारी पोरं. पण खरी गोम वेगळीच आहे. भाऊबीजेला, म्हणजे भाइटीकाला, बहिणीकडून बोलावणं येतं आणि टिळा लावून घ्यायचा की नाही यावरून कित्येक ख्रिस्ती घरांत त्याच आठवड्यात ताण असतो. नेमक्या त्या दिवसांत त्यांच्या दारात क्रूसवाले टी-शर्ट घातलेली बारा माणसं? जमलं तर तारखा बदला.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तिहारचं ध्यानातही आलं नव्हतं.

धागा छापून आमच्या पाळकसाहेबांना दिला. त्यांनी रात्री तिकडे फोन लावून पहिल्यांदाच सरळ विचारलं की तुम्हाला आमचा काय उपयोग. तिकडचे पाळक बराच वेळ आढेवेढे घेत होते, पाहुण्यांना काय सांगायचं म्हणून. शेवटी म्हणाले, पावसात सभागृहाच्या मागची दगडी भिंत ढासळलीय, हातांची गरज आहे. आणि त्यांच्याकडच्या तीन-चार पोरांना पेटी शिकायचीय. बाजारातल्या गाण्यांचा विषय आम्ही काढला, तर त्यांनी फक्त 'नको' म्हटलं.

त्यामुळे पत्रकं, पथनाट्य, शाळा आणि शिबिर रद्द. टी-शर्टवरून कमिटीत अजून तणातणी चालू आहे, आगाऊ रक्कम गेलीय म्हणे. तारीख डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यावर ढकलतोय, म्हणजे कॉलेजवाल्यांच्या परीक्षांचं गणित नव्याने मांडावं लागणार.

आता दोन प्रश्न उरले. आमच्यात तिघं सोळा-सतरा वर्षांची आहेत, पासपोर्ट नाही, मतदार कार्ड असायचा प्रश्नच नाही. या वयाला मुख्याध्यापकांचं ओळखपत्र चालतं असं कळलं. ते ठरावीक नमुन्यातच लागतं का? कुणाकडे भरलेला नमुना असेल तर नाव-गाव खोडून इथे टाका. दुसरं, पेटी. रेल्वेने नेऊ, पण सोनौलीला परत येताना जकातवाले 'ही तिकडून विकत आणली का' म्हणून अडवतात का? पेटी चर्चची आहे, पावती कुणाकडेच नाही.