लेक्सस आयएस ३५० : वीस वर्षांत पाच घोडे वाढले, आता तरी इंजिन बदलायला हवं होतं का?

एडिसनकर

मंडळी नमस्कार. माझ्याकडे लेक्ससची, म्हणजे टोयोटाच्याच महागड्या ब्रँडची, २०१५ ची आयएस ३५० आहे, ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद), सेकंड हँड घेतलेली, आता १ लाख १८ हजार मैल झालेत. गाडीची तक्रार काहीच नाही आणि तोच प्रॉब्लेम आहे, विकायला कारण सापडत नाहीये. फक्त घरात हीच एक गाडी अशी उरलीय जिच्यात फोन जोडला तरी कारप्ले (आयफोनचे अॅप गाडीच्या स्क्रीनवर) येत नाही, मुलगी म्हणते बाबा तुमची गाडी म्युझियममध्ये द्या. म्हणून शनिवारी २०२६ चं मॉडेल बघून आलो. आतमध्ये १२.३ इंचाचा स्क्रीन, समोरचे मीटरही डिजिटल, तो माऊससारखा खटका गेला एकदाचा, एकदम झकास. मग बॉनेट उघडायला लावलं आणि बघतो तर आपलंच ३.५ लिटर व्ही६! सेल्समनला विचारलं पॉवर किती, तर म्हणे ३११. माझ्या गाडीला ३०६ आहे. आणि तो ३०६ चा आकडा पण मुळात माझ्या मॉडेलचा नाही, त्याच्या आधीच्या, २००५ साली आलेल्या गाडीपासूनचा आहे. म्हणजे वीस वर्षांत पाच घोडे, चार वर्षांना एक घोडा 😄

वर ४७२ हॉर्सपॉवरची ५ लिटर व्ही८ आयएस ५०० बंद केली, खालची आयएस ३०० पण अमेरिकेतून काढली, आता घ्यायची तर ३५० च घ्या. ढाचा २०१३ चाच, २०२१ ला रंगरंगोटी, आता परत रंगरंगोटी. टॅक्स वगैरे धरून पन्नास हजार डॉलर मोजायचे आणि घरी आणायचं काय, तर जे घरी उभं आहे तेच. जीव होत नाहीये. तुम्हाला काय वाटतं, कंपनीनं नवीन इंजिन द्यायलाच हवं होतं का मीच उगाच आकड्यांत अडकलोय?

घाटवळण

अजिबात बदलू नये. ज्या दिवशी त्यात टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) टाकतील त्या दिवशी मी ती गाडी बघणं सोडून देईन. अहो आज बाजारात बिनटर्बोचं व्ही६ पुढे आणि ताकद मागच्या चाकांना अशी नवीन सेडान शोधून दाखवा बरं. पाय जेवढा दाबला तेवढंच इंजिन बोलतं, मध्ये कुणी दलाल नाही. आणि इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या वर गेल्यावर जो आवाज येतो तो खरा असतो, नाहीतर आजकाल स्पीकरमधून आवाज ऐकवतात.

दुसरं म्हणजे टिकाऊपणा. याच गाडीत आधी २.५ लिटरचं आयएस २५० यायचं, त्याला पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं, त्यामुळे हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठायची, त्या इंजिनाचं नाव त्यानंच खराब झालं. ३५० ला मात्र प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर आहेत, एक आत आणि एक बाहेर, हवेच्या वाटेवर (पोर्टमध्ये), बाहेरचं पेट्रोल जाता जाता व्हॉल्व्ह धुऊन काढतं. इतकी साधी गोष्ट आहे पण दीड लाख मैलांनंतर तिची किंमत कळते. नवीन इंजिन नवीन इंजिन करणाऱ्यांनी २०२४ आठवावं, टोयोटानंच टंड्रा ट्रक आणि लेक्सस एलएक्स मिळून एक लाखाच्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या, का तर नव्या ट्विन टर्बो व्ही६ च्या आत कारखान्यातला धातूचा कीस राहिला होता. ज्यानं गाडी दहा-बारा वर्षं ठेवायची त्यानं हे बघायचं, शून्य ते साठ मैल किती सेकंदांत ते नाही.

चार्जिंगवाला (फ्रीमाँट)

दादा दलाल-बिलाल सगळं ठीक आहे पण टेस्लाची मॉडेल ३ परफॉर्मन्स ५१० हॉर्सपॉवर, साठला तीन सेकंदांच्या आत. आयएस ३५० ला कंपनीच्याच आकड्याप्रमाणे साडेपाचच्या वर लागतात. आणि स्क्रीन १२.३ झाला म्हणून २०२६ ला टाळ्या वाजवायच्या? माझ्या गाडीला रात्री झोपेत अपडेट येतो, सकाळी उठलो की काहीतरी नवीन. पन्नास हजारात हा प्रश्न कुणाला कसा पडतो तेच कळत नाही.

घाटवळण

सकाळी उठलो की काहीतरी नवीन, म्हणजे काल सवयीचं झालेलं बटण आज दुसरीकडे 🙂 पटकन पळते हे मान्य, पण सिग्नलवरून सिग्नलपर्यंतची मजा आहे ती. मी दोन आठवडे भाड्यानं घेऊन चालवलीय, तिसऱ्या दिवशी त्या झटक्याची पण सवय होते.

पिंपरीकर

इथे चाकणला एका सप्लायरकडे ट्रान्समिशनवर काम करतो म्हणून बोलतोय, आयएस आपल्याकडे आलीच नाही कधी. लेक्सस भारतात २०१७ ला आली ती ईएस, आरएक्स, एलएक्स घेऊन, आयएस नाही, त्यामुळे माझा अनुभव जपानमध्ये ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हाचा, तेवढाच.

एडिसनकर, तुम्ही चुकीचा आकडा बघताय. हॉर्सपॉवर सोडा, टॉर्क बघा, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर. ३५० चा टॉर्क ३८० न्यूटन मीटर आणि तो पूर्ण मिळतो ४८०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या). बीएमडब्ल्यू ३३०आय घ्या, दोन लिटर चार सिलिंडर, हॉर्सपॉवर २५५ म्हणजे तुमच्यापेक्षा कमी, पण टॉर्क ४०० आणि तो दोन हजारच्या आतच हातात येतो. एम३४०आय तर ५००. रोजच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही ४८०० ला कधी जाता सांगा? नाही जात. म्हणून टेस्ट ड्राइव्हला ३३०आय चालवली की माणसाला वाटतं आपली गाडी म्हातारी झाली.

आता या लांब दमाच्या इंजिनाला तो टॉर्क पटकन गाठून द्यायचं काम कुणाचं, गिअरबॉक्सचं. आणि खरी गोम इथेच आहे, तुमच्या ऑल व्हील ड्राइव्हला २०१५ लाही सहा गिअरचा ऑटोमॅटिक होता आणि २०२६ लाही सहाच आहे! मागच्या चाकांवर चालणाऱ्या ३५० ला मात्र २०१३ च्या या ढाच्यात पहिल्यापासून आठ गिअर. सहा गिअरमध्ये गिअर-गिअरमधलं अंतर मोठं, त्यामुळे खाली टाकला तर इंजिन एकदम ओरडतं, नाही टाकला तर गाडी ढिम्म. समोरचे आठ-आठ, दहा-दहा गिअर घेऊन बसलेत. तर माझं मत असं की इंजिन म्हातारं नाहीये, गिअरबॉक्स आहे, आणि कंपनीला फार कमी पैशात हे सुधारता आलं असतं. तिथे कंजूषपणा केला आणि स्क्रीन मोठा दिला, कारण शोरूममध्ये स्क्रीन दिसतो, गिअरबॉक्स दिसत नाही.

आणि इंजिन टाकायचंच असतं तर घरात आहे त्यांच्या. २.४ लिटर टर्बो टॅकोमा ट्रकमध्ये आयएससारखंच गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं आहे, लँड क्रूझरमध्ये त्यालाच हायब्रिड जोडून ३२६ हॉर्सपॉवर काढतात. पण ट्रकमधलं चार सिलिंडर आयएसमध्ये टाकलं असतं तर घाटवळण साहेबांनी मोर्चा काढला असता. मर्सिडीजनं सी६३ मधलं व्ही८ काढून दोन लिटर चार सिलिंडर आणि हायब्रिड दिलं, कागदावर सहाशे सत्तरच्या वर हॉर्सपॉवर, तरी लोकांनी तोंड फिरवलं, वजन दोन टनांच्या पुढे गेलं ते वेगळंच. आता बाहेर चाललेल्या सेडान बघा, किया स्टिंगर गेली, इन्फिनिटी क्यू५० गेली, अॅक्युरा टीएलएक्स २०२५ ला गेली. युरोपात तर २०२१ चं मॉडेल लेक्ससनं पाठवलंच नाही. एवढ्या आटलेल्या बाजारात नवीन इंजिनाचा खर्च कोण काढणार, त्यापेक्षा जिच्या यंत्रा-साच्यांचा खर्च केव्हाच फिटलाय ती जुनी गाडी रंगवून विकणं परवडतं.

वऱ्हाडी टेक्सासवाला

कायले विकून राहिले भाऊ. चालू द्या ना.

एडिसनकर

पिंपरीकर, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी खाली जाऊन गाडी चालू करून आलो राव. रूट २८७ वर ट्रकला ओव्हरटेक करताना एक क्षण जी गाडी विचार करते ना, मी इतकी वर्षं समजत होतो की इंजिन थकलंय. पण मला ऑल व्हील लागतं, बर्फ पडतो इथे, आमच्या घराचा ड्राइव्हवे चढाचा आहे.

अल्टेझा९८

मी या धाग्यावरचा सगळ्यात म्हातारा असेन. माझ्याकडे २००२ ची आयएस ३०० होती, पहिल्या पिढीची. जपानमध्ये १९९८ ला ही टोयोटा अल्टेझा नावानं आली. तिचे ते पारदर्शक काचेतले गोल टेललाइट जगभर गाजले, सुट्टीत पुण्याला आलो तर पोरं झेनला आणि एस्टीमला तसले लाइट लावून फिरत होती, त्यांना ठाऊक पण नसेल की नक्कल कुणाची करतोय. सांगायचं काय, त्या आयएस ३०० ला पण फक्त २१५ हॉर्सपॉवर होते. सरळ सहा सिलिंडर, ज्या घराण्याचं इंजिन सुप्रात होतं तेच, पण बिनटर्बोचं. तेव्हाही मासिकवाले म्हणायचे पॉवर कमी आहे. या गाडीला पॉवर कमी आहे हे मी गेली पंचवीस वर्षं ऐकतोय.

पण मी घाटवळणच्या बाजूनं पण नाही पूर्ण. गेल्या वर्षी मित्राची ३५० चालवली, इंजिन गोड आहे, पण माझ्या जुन्या गाडीत स्टिअरिंगमधून रस्त्याची खडी कळायची, हिच्यात ते नाही. २०२१ ला त्यांनी चाकांचे नट-स्टड काढून जर्मन गाड्यांसारखे थेट बोल्ट दिले, म्हणजे हे लोक असल्या बारीक गोष्टींत डोकं घालतात हे नक्की. २०२६ ला स्टिअरिंगचं इलेक्ट्रिक यंत्रही नवीन दिलंय. एडिसनकर, तुम्ही बॉनेट उघडून आलात पण चालवलीत का? तुमच्या पोस्टमध्ये चालवल्याचा उल्लेखच नाही.

न्यूजर्सी_ताई

इंजिन, गिअर, स्टिअरिंग, सगळे बोलले, मागे कोण बसतं त्याच्याबद्दल कुणी बोलेना. आमच्याकडे पण ३५० होती. ह्यांची आवड. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले, नेवार्क विमानतळावर आणायला गेलो, चार मोठ्या बॅगा आणि दोन माणसं. डिकीत दोन बॅगा गेल्या, एक मी मांडीवर घेतली आणि एक टॅक्सीनं आली! सासरे सहा फुटी, त्यांचे गुडघे पूर्ण रस्ता पुढच्या सीटला टेकलेले, बिचारे काही बोलले नाहीत पण नंतर कुठे जायचं म्हटलं की "मी घरीच थांबतो" सुरू झालं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २०१३ पासून २८०० मिलिमीटर, तेवढंच आहे अजून, मी शोधून बघितलं. तर भाऊ, ढाचा जुना म्हणजे नुसतं इंजिन जुनं नसतं, जागा पण तेवढीच राहते. नवीन घ्यायचीच असेल तर मागच्या सीटवर स्वतः अर्धा तास बसून बघा आणि मग ठरवा.

आणि बर्फाचं म्हणाल तर आम्ही आठ वर्षं मागच्या चाकांवरची गाडी वापरली इथेच, पार्सिपनीला, विंटर टायर लावून. ऑल व्हीलवाले शेजारी ऑल सीझन टायरवर घसरत होते आणि आम्ही निघून जायचो. ऑल व्हीलनं गाडी निघते, थांबते ती टायरनं.

पिंपरीकर

ताई बरोबर बोलल्या. म्हणजे एडिसनकर, विंटर टायर लावायची तयारी असेल तर तुम्हाला आठ गिअरची ३५० मिळू शकते, वजनही कमी.

एडिसनकर

उशीर झाला लिहायला, दोन शनिवार गेले. सगळ्यांचं ऐकलं. मागच्या चाकांवरची २०२६ ची ३५० चालवली आणि त्याच दिवशी ३३०आय पण चालवली.

३३०आय खरंच लगेच उचलते, पिंपरीकरांनी लिहिलं अगदी तसंच, पहिल्या पाच मिनिटांत मी विकला गेलो होतो. नंतर रॅम्पवर जोर लावला तर आवाज काही आवडला नाही, आणि खरं सांगू, आधी एक जर्मन गाडी होती माझ्याकडे, कुठली ते सांगत नाही, वॉरंटी संपल्यावर तिनं जे खर्च काढले ते बायको अजून मोजून दाखवते. त्यामुळे तो विषय घरात मांडायचीच हिंमत नाही. मग आठ गिअरची ३५०. काय सांगू, तेच इंजिन पण वेगळंच वाटलं! दोन गिअर खाली जाते आणि निघते, विचारबिचार काही नाही. स्टिअरिंगही माझ्या गाडीपेक्षा घट्ट वाटलं. सेल्समन कागद काढायला आत गेला तेवढ्यात मी मागच्या सीटवर बसलो, ताई, अर्धा तास नाही, दहा मिनिटं. पाय दुखले.

घरी येताना हिशोब केला. इंजिन तेच, जागा तीच, फरक दोन गिअरचा आणि स्क्रीनचा. कारप्लेचं बाहेरचं युनिट जुन्या गाडीत बसवून देणारा एक माणूस ओक ट्री रोडजवळ आहे, काही शे डॉलरमध्ये होतंय, मूळचा स्क्रीन तसाच राहतो. काल बसवून घेतलं. मुलीनं फोन जोडला, तिची गाणी लावली आणि पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसून काही न बोलता आली. बाकीचे पैसे तसेच ठेवलेत, वर्ष-दीड वर्षानं आठ गिअरची सेकंड हँड मिळाली तर बघू.

पण विंटर टायर आताच घेतोय, ऑल व्हील असली तरी, ताईंनी डोक्यात घातलंय ते जात नाहीये. फक्त एक सांगा, उन्हाळ्यात ते चार टायर ठेवता कुठे? आमच्या गॅरेजमध्ये आधीच दोन सायकली आणि गणपतीचं मखर आहे.

न्यूजर्सी_ताई

टायरच्या दुकानातच ठेवतात, सीझनचे थोडे पैसे घेतात. मखराला हात लावू नका.