भावानं आजीचं मालिशचं तेल प्यायलं, दवाखान्यातून घरी आणलं, आता पुढे काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. लहान भाऊ, वय १९. मागच्या सोमवारी संध्याकाळी आजीच्या गुडघ्याचं मालिशचं तेल प्यायला, मुद्दाम. का ते इथे लिहीत नाही, अन् कारण काही एकच नाही. आई वावरातून आली तर अंगणात कापराचा वास, हा पायरीवर बसलेला, शर्टावर तेलाचा ओघळ. शेजारचे काका म्हणे मिठाचं पाणी पाजा, उलटी काढा. मी तांब्या घेऊन निघालोच होतो, पण १०८ वरच्या माणसानं सांगितलं की तोंडात काही घालू नका, उलटी काढू नका, कुशीवर झोपवा अन् बाटली सोबत आणा. बाटलीवरचं लेबल पुसलेलं. आजी त्याच्या खोक्यात सुया ठेवते, तो खोका होता म्हणून बरं, त्यावर सगळं छापलेलं होतं.

गाडीतच फिट आली. डॉक्टर म्हणे कापरानं अशीच अचानक येते, त्यात उलटी झाली असती तर तेल फुफ्फुसात गेलं असतं. अन् त्या तेलातलं विंटरग्रीन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या खानदानातलं, पोरगा बरा दिसला तरी रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागते. तीन दिवस ठेवलं, आता घरी आहे, बोलून नाही राहिला.

२०१७ मधे आपल्या जिल्ह्यात फवारणीत माणसं गेली, तेव्हापासून बाबांनी कपाशीचं औषध कुलपात ठेवलं, चाबी करदोड्याले. आपल्याकडे 'औषध पेला' म्हटलं की एकच अर्थ न! त्यामुळे देवळीतलं तेल, बाम, खरजेचं लोशन याकडे कोणाचं लक्षच नाही गेलं.

मामा म्हणतात तेल पिऊन कोणी मरते का, नाटक होय. बाबांले पोलिसांची भीती, दवाखान्यातून कळवलं म्हणून. अन् मले भीती की त्याले विचारलं तर पुन्हा डोक्यात येईल. सांगा न जी, काय करू?

सिस्टर_वऱ्हाड: दादा, मीठपाणी नाही पाजलं हे लय चांगलं केलं. मामांले सांगा, बाटली पाहून पोराचं दुखणं मोजू नका, त्यानं एकदा असं केलं म्हणजे पुढचे कितीतरी महिने जपावं लागते. अन् सरळ विचारा, 'मरायचा विचार येते का?' विचारल्यानं विचार शिरत नाही, उलट माणूस मोकळा होते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, लगेच दवाखाना. टेलि मानस म्हणून सरकारची मनाच्या त्रासासाठी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, २४ तास, फुकट, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारवाले डॉक्टर असतात. घरात कुलपाची पेटी घ्या, त्यात लावायचं, प्यायचं, गोळ्या, सगळंच, आजीले रोजचं वाटीत काढून द्यायचं. जुन्या बाटल्या ठेवूच नका. अन् खोकला, ताप, दम, गुंगी, पुन्हा फिट, काहीही दिसलं की १०८.

शेतकरी_पुत्र: पोलिसांची नोंद म्हणजे गुन्हा नाही भाऊ. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे माणूस भयंकर ताणात होता असंच धरतात, शिक्षा नाही. अन् १ जुलै २०२४ पासून नवा फौजदारी कायदा आला त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलमच नाही. माह्या घरी झालं तेव्हा शिपाई येऊन जबाब घेऊन गेले, बस. बाबांले म्हणा पोराजवळ बसा, ठाण्याचा विचार नंतर.

धागाकर्ता: धन्यवाद ताई, दादा. पत्र्याची पेटी आणली. आजी रुसली, 'माह्या गुडघ्याले आता चाबी मागावं लागते काय!' रात्री खाटेवर बसून त्याले विचारलं. लय वेळ गप होता, मग म्हणे, 'येते कधी कधी, आजबी आला.' लगेच १४४१६ ले लावला, स्पीकरवर, दोघं बोललो, तो मधे मधे रडला. आता बाबा त्याच्या बाजूले खाट टाकून बसले, मी गावातला ऑटो सांगितला, रात्रीच जिल्ह्याले निघतो. तिथं कागद कोणते लागतात, कोणाले माहीत असेल तर लिहा.