जर्मनीला मास्टर्सला जावं का? घर तारण ठेवून लोन काढायचं चाललंय

शिरोलीकर_२४
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, मेकॅनिकल झालोय, सध्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, हातात बावीस हजार येतात. कॉलेजातली चार पोरं बाहेर गेली आणि रोज त्यांचे स्टेटस बघून डोकं फिरायला लागलंय, बर्फ, ट्रेन, मोकळे रस्ते. बाहेर राहायचं माझ्या तर शाळेपासून डोक्यात आहे. एका कन्सल्टन्सीत गेलेलो, ते म्हणाले जर्मनीत फी नसते, पार्टटाइममधनं राहायचा खर्च सुटतो, तुम्ही फक्त २५ लाखाचं लोन बघा. पप्पा म्हणतायत उत्तरेश्वर पेठेतलं घर तारण ठेवू. घर आजोबांनी बांधलंय. मम्मी काहीच बोलंना झालीय. तिकडं राहिलेल्यांनी खरं काय ते सांगा प्लीज, फोटोतलं नको.

पन्हाळ्याचा_वारा
भावा, मी सॅक्सनीत (पूर्व जर्मनीतलं राज्य) आहे आणि कास्टिंगमध्येच, म्हणजे धातूच्या ओतकामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. फी नसते हे बऱ्यापैकी खरं, पण सगळीकडं नाही. स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं तिथं युरोपबाहेरच्या पोरांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो पडतात, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं पण २०२४ पासून फी चालू केली. बाकी बहुतेक सरकारी ठिकाणी नुसती सेमिस्टरची वर्गणी असते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो आधी टाकावे लागतात, बारा लाखाच्या आसपास धर, ते तुझेच पैसे तुला महिन्याला ९९२ असे परत मिळतात आणि त्यातच खोली, विमा, खाणं सगळं बसवायचं. म्युनिकात सातशे नुसते खोलीला जातात, इकडं पूर्वेकडच्या लहान गावांत त्याच्या निम्म्यात भागतं.

पार्टटाइमचं सांगतो. नियमानं वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण ते मिळालं पाहिजे ना. जर्मन येत नसलं की गोदामात पार्सल उचलायचं काम, ते पण रात्रीचं. मी केलंय ते. बेल्टवरनं पार्सलं येत राहतात, काही पंचवीस-तीस किलोची, स्कॅन करायची आणि ट्रकात छतापर्यंत रचायची, मधी थांबायचं नाही. पहाटे सुटलं की ट्रामची वाट बघत उभं राहायचं, डिसेंबरात आठ वाजेपर्यंत अंधारच असतो, आणि नऊला लेक्चर. परीक्षेच्या महिन्यात हे जमत नाही म्हणजे त्या महिन्यात कमाई पण नाही. खर्च सुटेल असं धरून लोन काढू नकोस, मिळाले तर वरचे समज.

पण तुझ्यासाठी एक चांगलं सांगतो. फ्रायबर्गला (हे सॅक्सनीतलं, दक्षिणेतलं फ्रायबुर्ग वेगळं) आणि आखेनला, दोन्हीकडं फौंड्रीचं स्वतःचं इन्स्टिट्यूट आहे. सँड, कोअर, मेल्टिंग स्वतः उभं राहून बघितलेल्या पोराची तिथं कदर होते. कन्सल्टन्सीनं तुला कुठलं कॉलेज सांगितलं ते आधी बघ. प्रायव्हेट मॅनेजमेंट कोर्स असला तर तिथं फी असणारच, २५ लाखाचा आकडा त्यातनंच आलेला असणार.

कुंभारगल्ली_शाहूपुरी
मी कॅनडात आहे त्यामुळं जर्मनीचं नाही सांगू शकत, पण आईबाबा कोल्हापुरातच आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढायला लागली तेव्हा मी ऑफिसात बसून राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होते. इशारा ३९ फूट, धोका ४३, आणि पाणी गेलं ५५ च्या वर. गल्लीत पाणी, लाइट नाही, शिरोलीला हायवे बंद, दोघांचे फोन लागेनात. इथं शेजारच्या टेबलावर वीकेंडला कुठं जायचं ते चाललेलं, आणि त्यांना तरी काय सांगणार, त्यांना कोल्हापूर कुठं माहितीय. तालमीच्या पोरांनी आईबाबांना होडीतनं बाहेर काढलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती पोरं कोण होती ते अजून माहीत नाही मला, भेटली तर पाया पडेन.

तरी मी परत येणार नाहीये, हे पण सांगते. काम मनासारखं आहे, रात्री अकराला एकटी घरी येते, कोण काही विचारत नाही, आणि हे मला फार मोलाचं आहे. तू जाणार असशील तर आईशी एकदा बस आणि बोल. ती गप्प आहे म्हणजे तिला चालतंय असं धरू नकोस.

उद्यमनगर_जुना
बाळा, मी बँकेतनं रिटायर झालो, लोनचंच काम बघायचो. २५ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता ३४ हजाराच्या आसपास येतो. पण शिक्षण चालू असताना व्याज थांबत नाही. अडीच वर्षांचं साध्या व्याजानंच साडेसहा लाख होतं, ते मुद्दलात धरलं की हप्ता साडेबेचाळीस हजार. तिकडं नोकरी लागली तर जड नाही. नाही लागली आणि परत शिरोलीला यायला लागलं तर हा हप्ता कोण भरणार, ते वडिलांसोबत कागदावर मांड.

आणि घर आजोबांचं आहे ना, मग आधी सिटी सर्व्हेतनं प्रॉपर्टी कार्ड काढ. वारसनोंद झालीय का, आत्या आहेत का, त्यांनी हक्कसोड दिलंय का. बँक सगळ्यांच्या सह्या मागते, आणि त्या मागायच्या वेळेला घरात वाद होतात, हे मी लय वेळा बघितलंय. सरकारी युनिव्हर्सिटी मिळाली तर १४-१५ लाखात बसतंय का बघ.

शिरोलीकर_२४
सगळ्यांचे मनापासून आभार. पप्पांना विचारलं, नोंद अजून आजोबांच्याच नावावर आहे आणि दोन आत्या आहेत. कॉलेज प्रायव्हेटच सांगितलेलं, कोर्स पण मॅनेजमेंटचा. काल रात्री मम्मीशी बोललो, ती म्हणाली जा, पण घर ठेवून नको. पन्हाळा दादा, फौंड्रीतनं सातला सुटतो, जर्मन कसं जमवू? आणि तिकडं नोकऱ्यांचं खरंच वाईट चाललंय का?

पन्हाळ्याचा_वारा
ऑटोमोबाइलचं वाईटच आहे, फोक्सवॅगन २०३० पर्यंत ३५ हजार लोक कमी करणार आहे आणि त्यांना कास्टिंग देणारे पण त्यात भरडले जातायत. डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ते जर्मन शिकण्यात घालवू नकोस. कोर्स इंग्रजीत मिळेल, पण शॉपफ्लोअरवर सगळं जर्मनच चालतं. इथनंच जर्मनची बी-१ लेव्हल (रोजचं बोलता येण्याइतकी) करून ये, सातनंतरचा ऑनलाइन क्लास लाव, परीक्षा पुण्यात मॅक्स म्युलर भवनला होते. वर्ष जाईल, जाऊ दे, तोवर पगार चालू राहतोय आणि वारसनोंदीचं पण होईल. एपीएस सर्टिफिकेट (तुझी इथली डिग्री खरी आहे हे तपासून देतात ते) मात्र लवकर टाक, १८ हजार फी आहे आणि त्याला वेळ लागतो. तू लॅबमध्ये स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते बघायचं मशीन), सँड टेस्टिंग स्वतः करतोस का नुसते रिपोर्ट बघतोस ते सांग, अर्जात काय लिहायचं ते त्यावर ठरवू.