दिवे घाटात लोडवर गाडी तापते, रेडिएटर बदलायचाच का?

घाटफेरी: नमस्कार मंडळी. 2009 ची डिझेल पिकअप, 2 लाख 60 हजार किमी. मार्केट यार्डातून टनभर माल भरून सासवडला निघालो की वडकीपर्यंत काटा मध्यावर असतो, घाट लागला की लालाजवळ. रिकामी तापत नाही. आठवड्याला अर्धा लिटर पाणी घालावं लागतं, पण खाली थेंब दिसत नाही. मेकॅनिक म्हणतो नवा रेडिएटर टाका. आधी काय तपासू?

पाना१२१३: दादा, रेडिएटरची घाई नको. घाटात वेग 20-25 चा, समोरून वारा लागत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन थंड आणि बंद असताना पंखा हाताने फिरवा. जरा जड लागून लगेच थांबला पाहिजे. भिंगरीसारखा फिरत राहिला तर फॅन क्लचमधलं (इंजिन तापलं की पंख्याला जोर देणारा जोड) सिलिकॉन तेल गेलंय. क्लचच्या तोंडाशी काळी तेलकट धूळ चिकटलेली असेल तर खात्रीच समजा.

मग पाती धरून पुढेमागे हलवा. खेळ लागला तर वॉटर पंपाचं नाहीतर क्लचचं बेअरिंग. पंपाच्या खालच्या अंगाला बारीक भोक असतं, तिथे टॉर्च मारून बघा. हिरवट-पांढरा वाळलेला ओघळ असेल तर पंपाचं सील गेलं. गरम इंजिनावर पाणी पडायच्या आत सुकतं, म्हणून जमीन कोरडी.

नानापेठी: वरच्याला पूर्ण अनुमोदन, पण हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेलं नाही ना, हे आधी बघा, नाहीतर बाकी खर्च वाया. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करा. सुरुवातीला थोडी हवा निघते. रेस दिल्यावर बुडबुडे थांबतच नसतील तर गॅस्केट. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय आली असेल तरी तेच. गरम झाकण कधीही उघडू नका, वाफेने हात-तोंड भाजतं.

झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला. साधारण 0.9 बारचं झाकण दाब धरतं म्हणून पाणी 115 अंशाच्या पुढे जाऊन उकळतं. दाब सुटला की पुण्याच्या उंचीवर शंभराच्या आतच. आणि बोअरचं पाणी घालणं आजपासून बंद. त्याच्या क्षाराने नळ्या आतून बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

घाटफेरी: पंखा चार-पाच फेऱ्या सहज फिरला, क्लचवर काळा चिखल. पंपाच्या भोकाखाली हिरवा ओघळ आहे. बुडबुडे नाहीत.

पाना१२१३: मग दोन्ही बदला. पंप उतरवलाच आहे तर बेल्ट आणि थर्मोस्टॅटही (गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाण्याची वाट उघडणारी झडप) नवे टाका, मजुरी एकदाच लागते. जुना थर्मोस्टॅट तपासायचा तर पातेल्यात पाण्यात टांगून तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाला, बहुधा 82 च्या आसपास, उघडायला लागला पाहिजे. रेडिएटरची जाळी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशरने पत्र्या दुमडतात.

कूलंट भरताना गाडीचं तोंड चढाला ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं. थर्मोस्टॅट उघडून वरचा पाइप गरम होईपर्यंत हळूहळू भरत राहा. हवा अडकली तर नवीन पंप टाकूनही काटा चढेल. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना पातळी पुन्हा बघा.