अनुभव धागा : भुताचा पिक्चर कुठे पाहिलात आणि घरी कसे आलात?

गेल्या आठवड्यात माळा आवरताना एक व्हीएचएस कॅसेट हाती लागली. लेबलवर निळ्या बॉलपेनने आईच्या अक्षरात ‘ताईचं लग्न’ आणि त्याखाली माझ्या बारीक अक्षरात ‘+ पु. मंदिर’. लग्न १९९१चं. वरात संपल्यावर बरीच फीत कोरी राहिली होती, आणि त्याच आठवड्यात केबलवाल्याने रात्री साडेअकराला ‘पुराना मंदिर’ लावला. मी सोडतोय होय! त्यामुळे आमच्या घरच्या लग्नात पाठवणीनंतर थेट त्यातला राक्षस सामरी येतो. फीत पुरली नाही, शेवटची वीस मिनिटं राहिली ती राहिलीच. म्हणजे आमच्याकडचा सामरी अजून मेलेला नाही. दाजी अजूनही म्हणतात, हे सासरच्यांनी बोलणीच्या वेळीच सांगायला हवं होतं.

भयपटांचा मी जुना भक्त. बऱ्या-वाईटाचा विचार मी कधीच सोडला. एक मात्र वर्षानुवर्षं पाहून ध्यानात आलं. आपल्या जुन्या सिनेमांतलं भूत शेवटच्या रिळात माणूस निघायचं. ‘महल’ (१९४९) घ्या, ‘बीस साल बाद’ (१९६२) घ्या, ‘वह कौन थी’ (१९६४) घ्या. दोन-अडीच तास पांढरी साडी, धुकं, दुरून येणारा लताबाईंचा आवाज, आणि शेवटी सगळा उलगडा. ‘आएगा आनेवाला’च्या वेळी आवाज लांबून जवळ यावा म्हणून त्या मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात चालत पुढे आल्या. भीती काय ती त्या चार पावलांत. रामसे बंधूंनी हा सभ्यपणा मोडीत काढला. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) भूत म्हणजे भूतच, धड एकीकडे, मुंडकं पेटीत. उलगडा वगैरे काही नाही.

तर या धाग्यावर परीक्षणं नकोत. कुठे पाहिलात, कोणाबरोबर पाहिलात आणि घरी कसे पोचलात, एवढंच सांगा.

लालबागचा चाळकरी

आमच्याकडे ८६-८७ साली महिन्यातून एकदा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा. घरटी पाच रुपये वर्गणी, एका रात्रीत तीन कॅसेटी. पहिली म्हाताऱ्यांसाठी देवाची, दुसरी अमिताभची, आणि एक वाजता ‘पोरं झोपली का बघा रे’ असं म्हणून तिसरी. पोरं कसली झोपतात! गॅलरीत सतरंज्यांवर आम्ही अकरा जण डोळे मिटून पडलेले, आणि खिडकीच्या गजांत आमचीच डोकी.

गंमत अशी की भुताचं तोंड मी त्या वयात कधी धड पाहिलंच नाही. लोक तोच सीन रिवाइंड करकरून बघायचे, त्यामुळे नेमकी तिथेच फीत झिजलेली. दार करकरलं, हिरॉइन वळली, की पडद्यावर पांढऱ्या रेघा वरून खाली धावायला लागायच्या आणि त्या रेघांमागे काहीतरी हलायचं. मला ते फार भयंकर वाटायचं. पुढे पस्तीस वर्षांनी यूट्यूबवर स्वच्छ प्रिंट पाहिली. रबराचा मुखवटा, गालाशी सुटलेला. रेघाच बऱ्या होत्या.

घरी जायचा प्रश्न नव्हता, घर तिथेच. प्रश्न होता गॅलरीच्या टोकाच्या संडासाचा. पाच-पाच जणांची तुकडी, एक बादली, आणि आत गेलेल्याने सतत बोलत राहायचं असा नियम.

पिवळी अष्टपुत्री

‘जानी दुश्मन’ (१९७९) आठवतोय का कोणाला? लाल जोड्यातली नवरी दिसली की सैतान जागा होतो आणि डोलीतून नवऱ्या गायब. माझ्या आत्याने तो लग्न ठरल्यावर पाहिला, होणाऱ्या नवऱ्याबरोबर, मधे धाकटा भाऊ बसवून. घरी आली ती रडतच. आजीने सगळी कथा ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘अगं, आपल्यात पिवळी अष्टपुत्री नेसतात. तो कशाला येतोय?’ विषय संपला. रिसेप्शनला मात्र आत्याने लाल शालू नेसायला साफ नकार दिला.

निवृत्त ऑपरेटर

मी तालुक्याच्या गावी टॉकीजात अकरा वर्षं ऑपरेटर होतो, १९८३ ते ९४. लिहायची सवय नाही, नातवाला सांगतो आहे, तो टाइप करतो आहे.

भुताच्या पिक्चरला पब्लिक हमखास. ‘ए’ सर्टिफिकेट असलं की डोअरकीपर मिसरूड बघून आत सोडायचा. एक पोरगा काजळाने मिशी काढून आला होता. घामाने ती मध्यंतरापर्यंत हनुवटीवर आली.

आमच्याकडे दोन मशिनी, कार्बनच्या कांड्या पेटवून उजेड पाडणाऱ्या. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका यायचा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनीची मोटर सुरू करायची, दुसऱ्याला बदल. सगळं थेटर भुताकडे बघत असायचं आणि मी कोपऱ्यात. त्यामुळे कित्येक सिनेमांत कोण कसं मेलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण ठिपका कुठे येतो ते सांगेन.

कधीकधी एकच प्रिंट नऊ किलोमीटरवरच्या दुसऱ्या टॉकीजबरोबर वाटून चालायची. त्यांची रिळं झाली की पोऱ्या ती लुनावर घेऊन यायचा. एकदा लुना पंक्चर झाली. इंटरवल पाऊण तास चाललं, वडे संपले, शिट्ट्या सुरू झाल्या. रिळं आली आणि त्या गडबडीत मी सहाच्या आधी सात लावलं. म्हणजे राक्षस आधी मेला आणि नंतर पुन्हा सहीसलामत फिरायला लागला. मला घाम फुटला. मॅनेजर वर धावत आला. पण खाली पब्लिक गप्प. एकाने विचारलं म्हणे, ‘हा मेला होता ना?’ शेजारचा म्हणाला, ‘भूत आहे, परत येणारच की.’ आठवडाभर मग कोणी तक्रार केली नाही.

पडद्यामागची

वरच्या काकांना नमस्कार. आमचं थेटर म्हणजे गणपतीतला रस्ता. दोन खांबांमध्ये पांढरा पडदा, मधोमध सोळा एमएमचं मशीन. पुढची जागा पुरुष आणि मोठ्या मुलांनी आधीच पटकावलेली, म्हणून बायका आणि आम्ही मुली पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. तिकडून चित्र नीट दिसतं, फक्त उलटं. नावं उलटी, सगळे डावखुरे. पुढे टीव्हीवर त्यातला एक सिनेमा लागला तेव्हा हडळ उजव्या दारातून आली आणि मी दचकून ओरडले, कारण माझी हडळ कायम डावीकडून यायची.

बारा वर्षांची होते तेव्हा

‘गहराई’ (१९८०). अरुणा-विकास यांचा. नाव काढलं तरी अजून हातावर काटा येतो. हवेली नाही, धुकं नाही, साधं शहरातलं घर आणि पद्मिनी कोल्हापुरे माझ्याहून थोडीच मोठी. तिच्या तोंडून दुसराच आवाज येतो तेव्हा आईने माझे डोळे झाकले, कान झाकायचं तिला सुचलं नाही. वडिलोपार्जित जमीन विकणारे वडील म्हणजे डॉ. लागू. तेच डॉक्टर पुढे ‘देवाला रिटायर करा’ म्हणाले, तेव्हा घरात सगळे चिडले होते. मला आठवत होता तो मुलीसाठी मांत्रिकाच्या दारात उभा राहिलेला बाप.

उसाच्या फडातून

‘लपाछपी’ (२०१७) मी मोबाइलवर बघितला, रानात, दारं धरता धरता. आमच्याकडं शेतीची लाईट आठवडा आठवडा रात्रीची असते, त्यामुळं पाणी पाजायचं ते रात्रीच. बांधावर बसून एक कानात हेडफोन, एक कान पाण्याकडं.

पिक्चर झ्याक हाय. उषाताई नाईक तर बघून सुद्धा भ्या वाटतं. पण त्या उसातनं पूजा सावंत पळते ना, तसं पळता येत नाही हो. पातं चराचरा कापतं, सरीत पाय अडकतो, पाचटाखाली काय हाय ते दिसत नाही. अर्धा पिक्चर झाल्यावर वारं नसताना माझ्या मागचा फड वाजला. मी हेडफोन काढला, तरी वाजतोय. बॅटरी मारायचा धीर होईना. आमच्या भागात बिबट्या उसातच वितो, त्यामुळं त्या वेळी खरं सांगतो, मनात म्हणलं, देवा, भूतच असू दे.

रानडुक्कर निघालं. उरलेला पिक्चर दुसऱ्या दिवशी दुपारी बघितला, गोठ्यात म्हशीशेजारी.

धागाकर्ता

‘देवा, भूतच असू दे’ याला दंडवत! ऑपरेटरकाका, रिळांचा किस्सा घरात मोठ्याने वाचून दाखवला. कोकणातलं कोणी नाही का? सगळी भुतं तर तिकडचीच.

वेंगुर्ल्याकडची

आहोत की. पण आमच्याकडे सगळीच वाईट नसतात, हे सिनेमावाल्यांना कोण सांगणार? आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळाला, हातभर लांबीच्या चामडी वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. रात्री उशिरा घरी येताना कोणीतरी सोबत आहे, ही आमच्याकडे दिलासा देणारी गोष्ट. शाळेसाठी मुंबईला आले आणि सिनेमात बघितलं तर मागे कोणी असलं की लोक किंचाळतात.

‘तुंबाड’ मी २०१८ साली पुण्यात पाहिला, अख्ख्या हॉलमध्ये आम्ही सात जण. तो पाऊस खरा आहे हे पहिल्याच दृश्यात कळतं. पाऊस आणि त्यात कुजत आलेलं लाकूड यांचा वास यायला लागतो. भयकथाकार नारायण धारपांची एक गोष्ट मित्राकडून ऐकली, तिने दिग्दर्शकाला पछाडलं, हे नंतर वाचलं. आमच्या घरात धारप कपाटाच्या वरच्या फळीवर असायचे, मुलांचा हात पोचू नये म्हणून. स्टूल होतं.

त्या सिनेमात पिठाची बाहुली आहे. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. घरी येऊन पोळ्यांना कणीक भिजवली. परातीत गोळा झाला, त्याला दोन्ही बाजूंनी बोटांचे खड्डे पडले, आणि मला त्यात चक्क खांदे दिसले. त्या रात्री खिचडी केली. २०२४च्या सप्टेंबरला तो पुन्हा लागला तेव्हा सगळ्यांना घेऊन गेले. हॉल भरलेला होता. परतताना मुलगा म्हणाला, आज पोळ्या नकोत ना?

घाटकोपर, बारावा मजला

आमचं थोडक्यात. २००३, नवीन लग्न, भाड्याचं घर शोधत होतो आणि नुकताच ‘भूत’ पाहिलेला. गाणी नाहीत, हवेली नाही, नुसता मुंबईतला फ्लॅट, लिफ्ट आणि वॉचमन. एजंटने बाराव्या मजल्यावरचं घर दाखवलं, हवेशीर, भाडं बाजारापेक्षा कमी. बायकोने पहिला प्रश्न विचारला, ‘आधी इथे कोण राहायचं?’ एजंट जरा गोंधळला, तर भाडं आणखी पाचशेने उतरलं. एक बँकवाले कुटुंब राहायचं, बदली झाली होती. हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं.

बाहुला माळ्यावर

‘झपाटलेला’ (१९९३) हा विनोदी सिनेमा आहे, असं मला लग्नानंतर नवऱ्याने सांगितलं. लहानपणी मला कोणी सांगितलं नव्हतं. रामदास पाध्यांचा तो बाहुला मान वळवायचा तेव्हा सगळं थेटर हसायचं आणि मी खुर्चीखाली. मामाने आणलेली बोलकी बाहुली त्याच रात्री पिशवीत घालून, तोंड बांधून माळ्यावर गेली. तिची बॅटरी कोणी काढली नव्हती. एप्रिलच्या उकाड्यात एका दुपारी ती वरून ‘मम्मा’ म्हणाली.

न्यू जर्सी, बेसमेंटसकट

मी दादरची. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं. भूत आलं असतं तर त्याला उभं राहायला जागा नव्हती, आजीने आधी ‘चपला बाहेर काढ’ म्हटलं असतं. म्हणून इंग्रजी भयपट मला कधी लागूच पडले नाहीत. तळघर, पोटमाळा, अंगण, त्यात एकटी बाई, हे सगळं आपलं नाहीच.

मग २०१३ साली ‘द कॉन्ज्युरिंग’ पाहिला. तेव्हा आम्ही इकडे नुकतंच घर घेतलेलं, लाकडी, बेसमेंटसकट. नवरा कामानिमित्त बाहेरगावी. रात्री थंडी वाढली की लाकूड आक्रसतं आणि जिन्यावर कोणी चढल्यासारखा आवाज येतो, हे मला माहीत होतं. खाली भट्टी आपोआप सुरू होते आणि धप्प करते, हेही माहीत होतं. रात्री दीडला माहितीचा काही उपयोग होत नाही. आईला फोन लावला. तिकडे सकाळचे अकरा. ती काही विचारेपर्यंत मागे कुकरची शिट्टी झाली, मग शेजारच्या काकू डबा मागायला आल्या, मग आई मला ‘फोन धरून ठेव’ सांगून त्यांच्याशीच बोलत बसली. मी फोन स्पीकरवर टाकला, उशीजवळ ठेवला. पाचव्या शिट्टीला झोप लागली.

पडद्यामागची

ऑपरेटरकाका, एक विचारू? तुम्ही इतके भुताचे पिक्चर चालवलेत, तुम्हाला स्वतःला कधी भीती वाटली का हो?

निवृत्त ऑपरेटर

पिक्चरची नाही, ताई. एकदा वाटली. शेवटचा शो साडेबाराला सुटायचा. डोअरकीपर आजारी असला की हॉल मी तपासायचो, बॅटरी घेऊन. आमच्या खुर्च्या उठलं की आपोआप वर मिटणाऱ्या. म्हणजे मोकळ्या हॉलमध्ये सगळ्या ओळी उभ्या मिटलेल्या दिसतात. त्या रात्री तिसऱ्या ओळीत मधलीच एक खाली होती.

मी दाराशीच थांबलो. पंखे बंद, त्यामुळे काही आवाज नाही. वाटलं, स्प्रिंग गेली असेल. दोन ओळी पुढे गेलो आणि बॅटरी मारली. खुर्चीत सात-आठ वर्षांचं पोर झोपलेलं. बापाबरोबर आलेलं, बाप प्यायलेला, तो तसाच घरी गेलेला. तोंडावर उजेड पडला तसं ते जागं झालं. समोर काळोख, काळोखात उजेड, उजेडामागे मी, दाढी वाढलेली, कार्बनने हात काळे. ते जे किंचाळलं, की मीपण किंचाळलो. बॅटरी पडली, विझली. मग आम्ही दोघं अंधारात एकमेकांना शोधत होतो.

सायकलवर पुढे बसवून घरी सोडला त्याला. वाटेत म्हणाला, राक्षस मरतो का शेवटी? मला सांगता येईना.