उडी नव्हे, धाव
वर कुणीतरी लिहिलंय की टँडम पॅराग्लायडिंगमध्ये (म्हणजे एकाच पॅराग्लायडरला पायलटसोबत जोडीनं बांधून उडताना) कड्यावरून उडी मारावी लागते, म्हणून धीर होत नाही. उडी मारायचीच नसते हो! वाऱ्याकडे तोंड करून उतारावर पळायचं, पाय जमिनीवरून सुटले तरी पळत राहायचं. मी दोन पावलांतच बसायला गेले, तर पायलट मागून ओरडला, "पळा, पळा!" मध्येच बसलं तर दोघेही आपटू शकतात.

मळमळीबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. वर चढणारी गरम हवा सापडली की पायलट तिच्यातच गोल गोल फिरत उंची घेतो; आपण वर चढतोय हे सांगणाऱ्या त्याच्या यंत्राचं पीप-पीप भरभर व्हायला लागतं. मला तिथेच ढवळून आलं. क्षितिजावर नजर ठेवली तेव्हा जरा बरं वाटलं. त्रास व्हायला लागला की पायलटला लगेच सांगा, अंगावर काढू नका.