पुण्यातून तीन दिवसांत कोकणातली जुनी बंदरं आणि पेठा

पर्वतीपायथा:
डिसेंबरात स्वतःच्या गाडीने जायचंय, सोबत सत्तरीची आई. पोहणं-किनारे नकोत; जुने धक्के, वखारींच्या जागा, पेठा बघायच्यात. यादीत चौल, दाभोळ, राजापूर, वेंगुर्ला आहे. तीन दिवसांत होईल का? पायऱ्या कमी हव्यात.

गलबत:
चारही एका फेरीत घेऊ नका. ही बंदरं बहुतेक खाडीच्या काठी आहेत, कारण गलबतांना वाऱ्या-लाटांपासून आडोसा लागायचा आणि माल बैलांवर घालून घाटावर न्यायचा असे. म्हणून एक खाडी आणि तिचा घाट अशी जोडी धरा. किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत गेलात तर दर खाडीला वळसा नाहीतर फेरीबोट, दिवस त्यातच जातो.

तुमच्यासाठी दाभोळ. उंब्रजहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाटाने चिपळूण. तिथे गोवळकोटचा जुना धक्का बघा. वाशिष्ठीतून माल इथवर यायचा. गड चढायची गरज नाही. मुक्काम गुहागरला. दुसऱ्या दिवशी धोपावे-दाभोळ फेरीबोट, तीत गाडी चढते. दाभोळ बहमनी काळातलं मोठं बंदर. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते लुटून जाळलं. सतराव्या शतकातली शाही मशीद (गावात अंडा मशीद म्हणतात) धक्क्यापासून जवळ आहे, विजापुरी घुमट आणि चार मिनार. निवांत बघा, ही या फेरीतली सगळ्यात सुंदर वास्तू. पुढे दापोली-हर्णै, परत मंडणगड, महाड, माणगाव, ताम्हिणी.

खाडीकाठ:
भरतीची वेळ काढून निघा. तिथीचा आकडा पाऊणने गुणायचा: पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाला, ओहोटी साधारण सहा तासांनी. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. ओहोटीत धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं, आईंना गाडीतच बसवून बोटीत घ्या. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी विचारा. ती चुकली तर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो.

हर्णैला मासळीचा लिलाव दुपारी चारनंतर गाठा. पुन्हा कधी पावसाळ्यात जायचं ठरवलंत तर लक्षात ठेवा, जून-जुलैत मासेमारी बंद असते, बंदर रिकामं दिसतं.

तळकोकण:
राजापूर मात्र सोडायचं म्हणून सोडू नका, वेगळी फेरी करा. मलकापूरहून अणुस्कुरा घाट उतरून पाचलमार्गे थेट राजापूर; जुना व्यापारी रस्ता तोच. १६४९ची इंग्रज वखार इथली, १६६१मध्ये शिवाजी महाराजांनी तिच्यावर हात टाकला. पेठ अर्जुना-कोदवलीच्या संगमावर, त्यामुळे मुसळधार पावसात जवाहर चौकात पाणी भरतं. खाडी गाळाने उथळ झाली आणि मोठी जहाजं येईनाशी झाली. बंदर म्हणून जे उरलं ते मुखाशी, जैतापूरला.

पर्वतीपायथा:
कुंभार्लीने उतरायचं ठरलं. मग चौल?

गलबत:
चौल-रेवदंडा एका दिवसात होतं, अलिबागहून सतरा-अठरा किमी. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट सपाटीवर आहे, पायऱ्या नाहीत. तटाच्या समुद्राकडच्या बाजूने चालायचं तर ओहोटीतच. कोर्लई किल्ला आईंसोबत नको, चढ आहे.